पहिला ओटा

बुऱ्हाणपूर,
अक्षय्य तृतीयेनंतरचा दुसरा दिवस

प्रिय वैशू,

दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या सख्ख्या बहिणीला कुणी पत्र लिहितं का, असं म्हणशील. म्हण. पण अकरा वर्षांत तू माझा फोन उचलला नाहीस. भाजीबाजारात मी दिसले की हातातली मेथीची जुडी टाकून पलीकडे जातेस, आणि दारात आले तर तुझे निलेशराव सांगतात, ती झोपलीय. सकाळी साडेदहाला. तू जन्मात कधी साडेदहाला झोपली आहेस का? म्हणून हे पत्र. निदान वाचल्यावर तरी चिडशील.

परवा आखाजी झाली. घागर पुजली, सांजोऱ्या तळल्या, दोन जळाल्या. वॉर्डातल्या सासरी गेलेल्या मुली नेहमीसारख्या माझ्याच अंगणात जमल्या, कडुनिंबाला झोका बांधला. मथुराबाईची धाकटी डोईफोडियाहून दोन्ही लेकरं घेऊन आली होती. जी बाई कधी सासरी गेलीच नाही, तिचं घर निम्म्या वॉर्डाचं माहेर होऊन बसलंय, याची मलाच गंमत वाटते. फक्त जिचं हे खरं माहेर, ती आली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला तू दोन गल्ल्यांवरून रिक्षा करून आली होतीस, ट्रंक घेऊन. आई हसून हसून बेजार. तू म्हणालीस, पायी आले तर माहेरी आल्यासारखं वाटत नाही. यंदाही संध्याकाळपर्यंत माझं लक्ष रिक्षाच्या आवाजाकडेच होतं, हे कबूल करते.

माझी वॉर्डाची पहिली निवडणूक आठवते? निशाणी मिळाली छत्री. रंगवायला पेंटर परवडत नव्हता, म्हणून तू गेरूचा डबा घेऊन भिंतीभिंतीवर छत्र्या काढत फिरलीस आणि प्रत्येक छत्रीची मूठ उलटी वळवलीस. समोरच्या पार्टीवाल्यांनी टिंगल केली, ह्यांची छत्री वाऱ्यानं उलटली म्हणे. पण त्या टिंगलीमुळेच निशाणी घरोघर पोचली. जिंकल्यावर तू गल्लीत सगळ्यांना सांगत होतीस, बहीण पार्षद झाली ती माझ्या चुकीमुळे. खोटं नव्हतं ते. तू नसतीस तर मी शाळेत गणित शिकवत रिटायर झाले असते.

आणि जळगावचं ते स्थळ. मुलगा बरा होता, हे मी आजवर तुलाही बोलले नाही. त्यानं एवढंच विचारलं, लग्नानंतर मीटिंगा बंद करशील ना? मी म्हटलं, आमच्या गल्लीतला हातपंप बिघडायचा बंद होईल का, ते आधी सांगा. बाबा चार दिवस जेवले नाहीत. तू मात्र रात्रीच्या पोळ्या मला दुपटीनं वाढल्यास. पुढे वॉर्डात नळाची लाइन आली तेव्हा मथुराबाई म्हणाली, "ताई, तुमचं लगन झालं असतं तर आमचा नल कोणी आणला असता?" एकटी राहिले त्याचं मला दुःख नाही, वैशू. सकाळी दार उघडलं की ओट्यावर कुणी ना कुणी कागद घेऊन बसलेलं असतं, त्याला चहा द्यायचा, चष्मा शोधायचा, दिवस सुरू. पण त्या कागदांतून मान वर करून कुणाशी तरी हसावं, तर ते कुणी तूच होतीस.

आता त्या सकाळविषयी लिहिते. मी इकडचं तिकडचं लिहीत ती टाळतेय, हे तुला कळलंच असेल.

गल्ली रुंद करणं गरजेचं होतं, ते मी आजही म्हणेन. त्याच उन्हाळ्यात कौतिकच्या बायकोला अडलेली असताना खाटेवरून चौकापर्यंत न्यावं लागलं, कारण ॲम्ब्युलन्स आत शिरेना. चौतीस ओट्यांवर लाल खुणा झाल्या. तुमच्या कापडदुकानाचा ओटा साडेतीन फूट पुढे होता, तोही त्यात होता. यादीत तुमचा नंबर एकविसावा. जेसीबीवाल्यानं विचारलं, कुठून सुरू करू? सगळी गल्ली उभी होती, दोन पेपरवाले होते. मी यादी न उघडता म्हटलं, माझ्या बहिणीच्या घरापासून.

तुझे सासरे ओट्यावर घोंगडी टाकून पेपर वाचत होते. गजाननराव कधी कुणाला मोठ्यानं बोलले नाहीत, मलाही नाही. घोंगडी झटकली, घडी घातली आणि म्हणाले, "अलका, काल सांगितलं असतंस, तर मीच हातानं काढून दिला असता." मग आत गेले. त्यानंतर ते दारात कधी बसले नाहीत, आणि पुढच्या थंडीत गेले. लोकांनी मात्र त्या सकाळी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. बाकीच्या तेहतीस ओट्यांच्या वेळी कुणी तोंडातून शब्द काढला नाही. पुढची निवडणूक मी त्या फोटोवर जिंकले.

त्यांच्या तेराव्याला तू मला जिन्यात गाठून म्हणालीस, "ताई, तुला टाळ्या पाहिजे होत्या." मी उत्तर दिलं नियमाचं. पाडायचा दिवस आधी सांगितला असता तर निलेशराव कोर्टाचा स्टे घेऊन आले असते, लोक म्हणाले असते पार्षदबाईनं घरच्यांना सावध केलं, वगैरे वगैरे. अकरा वर्षं मी हेच स्वतःला ऐकवत आले. वॉर्डातल्या कुणाही बाईच्या घरी दारावर खूण करायच्या आधी मी जाऊन बसत होते, चहा पीत होते, समजावत होते. तेहतीस घरी गेले. फक्त तुझ्या घरी गेले नाही, कारण तू आपली होतीस, तुला गृहीत धरलं. ओटा नियमात बसत नव्हता हे खरं. पण तो पहिला पाडायला लावला ते नियमासाठी नव्हतं. माझ्या नावासाठी होतं. तू म्हणालीस तेच बरोबर होतं, आणि ते लिहायला मला अकरा वर्षं लागली.

मागच्या वेळी मी हरले. तू मत कुणाला दिलंस ते विचारत नाही, मला अंदाज आहे. आता मी उभी राहणार नाही, गुडघे मीटिंगच्या जिन्यालाच नाही म्हणतात. पण काल दुपारी तुझी गायत्री आली. आधी ओरडू नकोस. दोन वर्षं ती शनिवारी क्लासला जाते असं तुला सांगते, ती इथे बायकांचे पेन्शनचे अर्ज भरून देते. हातात निवडणुकीचा फॉर्म होता, अपक्ष म्हणून. प्रस्तावकाची सही माझी हवी होती. मला म्हणाली, "मावशी, आईला अभी मत बताना. फॉर्म जमा झाला की मग मी सांगते." वैशू, पोरगी हुशार आहे, तुझ्यासारखी हसते, लोक तिचं ऐकतात. आणि वाक्य माझंच बोलत होती, आधी करायचं, मग सांगायचं. मी सही केली नाही. तिला स्पष्ट सांगितलं की मी तुझ्या आईला कळवणार. रुसून गेली, फॉर्म इथेच टाकून.

तो माझ्यासमोर आहे. प्रस्तावक म्हणून वॉर्डातला कुठलाही मतदार चालतो. मथुराबाई अंगठा द्यायला तयार बसली होती, मी देऊ दिला नाही. ती जागा तुझी आहे. शनिवारी दुपारी तीनपर्यंत मुदत आहे. तू ये, फॉर्म वाच, मनात आलं तर सही कर. नको वाटलं तर नाही म्हण, गायत्रीचा राग मी सोसेन. तिला उभं करावं असं मला फार वाटतं, पण तुला विचारल्याशिवाय तुझ्या घरातलं मी आता काहीही हलवणार नाही.

तुझीच,
ताई