नारळी पुनवेनंतरची होडी

तीर्थरूप आईला दर्पणचा मस्कतहून पाया पडून नमस्कार.

मी बरा हाय, जेवण वेळेवर मिळतं. तुझा गुडघा कसा हाय?

आपली धाकटी रिद्धी फोनवर म्हणाली, नारळी पुनव झाली, मुरबे गावच्या सगळ्या होड्या मासेमारीला गेल्या, आपलीच किनाऱ्यावर हाय. दर्पणच्या हातचा नारळ समुद्राला वाहिल्याशिवाय बाबा ती सोडत नायत. विमान अडीच तासांचं, आमी जाळी टाकायला याहून लांब जातो, म्हणतात. खरं हाय. पण कंपनी सुट्टी देत नाय.

समुद्र तोच, म्हणून इथंच नारळ वाहायला गेलो. बंदरात कचरा टाकू नको म्हणून पहारेकऱ्यानं परत पाठवलं. नारळ माझ्या खाटेखाली हाय.

बाबांना सांग, दर्पणनं तिकडून वाहिला, आता होडी सोडा.

तुझा,
दर्पण