अण्णांनी नेमकं काय दाबलं?

४ जून
ऑफिसात सायबर सुरक्षेवर व्याख्यान, तेही रविवारी. बाकीचे डुलक्या काढत होते, मी टिपणं काढली. घरी आल्यावर हॉलमधल्या संगणकाकडे पाहिलं आणि अंगावर काटा आला. चौघं वापरतात, आणि ना कडी ना कोयंडा! बायको त्यावर शिकवणीच्या प्रश्नपत्रिका करते, मुलगी कॉलेजचं काम, मी उरलेलं सगळं. माझे वडील, अण्णा, मात्र बुद्धिबळाची दिवसाला एक चाल. त्यांचे जुने मित्र दुसऱ्या गावी असतात. आम्ही त्यांना वजीरकाका म्हणतो. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली, तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे बुद्धिबळाच्या वेबसाइटवरचा डाव. सकाळी यांची चाल, दुपारी त्यांची.
आजपासून संगणकाची सुरक्षा माझ्याकडे. कुणी सोपवली नाही. जबाबदार माणसाला सोपवावी लागत नाही.

५ जून
सगळ्यांचे पासवर्ड बदलले. अण्णांच्या ईमेलचा आणि बुद्धिबळाचा, दोन्हींचा पासवर्ड चक्क त्यांचं नाव होता! आता बावीस अक्षरी आहे. कुठेही लिहायचा नाही, हा नियम. संगणक लक्षात ठेवतो, अण्णांना कळायचंही कारण नाही.
गुप्त प्रश्नांची उत्तरंही बदलली. व्याख्याते म्हणाले होते, खरी देऊ नका, ती कुणालाही शोधता येतात. 'तुमची पहिली शाळा?' यापुढे धडधडीत खोटं लिहिलं. मन फार खात राहिलं. खोट्याची मला सवय नाही.

९ जून, सायं. ७
अण्णांना इंटरनेट शिकवणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. पडद्यावर कुठलीही खिडकी आली की चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचतात, विचार करतात आणि बहुधा 'नको' दाबतात. म्हटलं, अण्णा, एवढ्यात जग पुढे गेलं. म्हणाले, जाऊ दे की, मी कुठे त्याला गाठायला निघालोय?
बॅकअप रविवारी.

११ जून, रविवार
बॅकअपला बसलो तो पडद्यावर लाल खिडकी. तुमच्या संगणकात त्रेचाळीस व्हायरस! ताबडतोब संरक्षण घ्या, मोफत! बरं झालं मीच होतो. दुसरं कुणी गडबडलं असतं. शांतपणे 'होय' दाबलं. मग आणखी चार वेळा 'होय'. संरक्षण पूर्ण.
बॅकअप राहिला.

१२ जून
संरक्षण फारच जोरात आहे. संगणक चालू होईपर्यंत चहा पिऊन, कप विसळून होतो. जुगाराच्या जाहिराती आपोआप उघडतात. बहुधा व्हायरस बाहेर पडताना दिसत असावेत.

१३ जून
बायकोच्या प्रश्नपत्रिका उघडेनात. परवा मुलांची परीक्षा. कुणी काय दाबलं, असं तिने कमरेवर हात ठेवून विचारलं. मी सांगणारच होतो. कुठून सुरुवात करावी, याची जुळवाजुळव चालली होती. तेवढ्यात मुलगी म्हणाली, आजोबांनी दाबलं असेल काहीतरी. अण्णा म्हणाले, मी? मग म्हणाले, असेल बाळा, आठवत नाही खरं.
मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. तरी उद्या नक्की सांगायचं.

१४ जून
बायको हाताने प्रश्नपत्रिका लिहीत बसली होती. अशा वेळी तिला त्रास देणं बरं दिसलं नसतं. अण्णांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मी नेमकं काय दाबलं असेल रे? म्हटलं, अण्णा, होतं असं.
हे वाक्य तपासून पाहिलं. त्यात एकही शब्द खोटा नाही. होतंच असं.

१६ जून
सगळा संगणक पुसून नव्याने चालू केला. प्रायश्चित्तच म्हणायचं. जाहिराती गेल्या. संगणकाने लक्षात ठेवलेले पासवर्डही गेले. बावीसपैकी नऊ अक्षरं आठवतात, तीही रांगेत नाहीत. मग त्याने विचारलं, पहिली शाळा? खरी सांगितली. चूक म्हणाला. खोटी कोणती लिहिली होती ते काही केल्या आठवेना. खरं बोलणाऱ्या माणसाची ही अशी पंचाईत. तिसऱ्या प्रयत्नाला बुद्धिबळाचं खातं बंद.
अण्णा मागे येऊन उभे होते. उघडत नाही का? माझ्यामुळेच ना? मी म्हटलं, बघतो. आणि खरंच पाहत बसलो.

१९ जून
अण्णा संगणकाच्या खोलीत... म्हणजे हॉलमध्येच येत नाहीत आता. गॅस बंद केला का, नळ बंद केला का, म्हणून पुन्हापुन्हा जाऊन बघतात. बायको म्हणाली, त्यांना डॉक्टरकडे नेऊ या, विसरायला लागलेत. म्हटलं, काही गरज नाही. म्हणाली, अहो, तुमचे वडील आहेत, काही काळजी? हा आरोप सहन होईना. नंबर लावला.

२१ जून
डॉक्टरबाईंनी विचारलं, विसरणं कधीपासून? अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अकरा तारखेपासून. रविवार. बाई म्हणाल्या, इतकं अचूक?
अण्णांना शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. मीही मनातल्या मनात करत होतो. मी एकोणऐंशीवर अडलो, ते दोनवर पोचले. मग अर्धवट राहिलेला सगळा डाव त्यांनी पहिल्या चालीपासून म्हणून दाखवला. बाई म्हणाल्या, आजोबा, स्मरणशक्ती ठणठणीत आहे, मग घाबरलात कशाला? अण्णा म्हणाले, काहीतरी दाबलं, एवढ्यांचं नुकसान झालं, आणि ते आठवतच नाही. मग आणखी काय काय आठवत नसेल?
बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं मणक्याचं चित्र फार बारकाईने वाचलं.
परतताना अण्णा म्हणाले, वजीर वाट बघत असेल रे. त्याला वाटेल, मी हरायला लागलो म्हणून उठून गेलो.

२२ जून
सांगितलं. जेवताना. आधी वाढत्या सायबर धोक्यांविषयी थोडी प्रस्तावना केली. बायको म्हणाली, अन्न निवतंय, मुद्द्यावर या. म्हटलं, ते मी दाबलं होतं. पाच वेळा. पासवर्डही मीच घालवला.
 कुणी ओरडलं असतं तर हलकं वाटलं असतं. मुलगी आजोबांकडे बघून रडायला लागली. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, म्हणजे माझं डोकं जागेवर आहे? म्हटलं, हो. म्हणाले, नक्की? म्हटलं, हो अण्णा.
हात धुऊन आले आणि वजीरकाकांच्या सुनेला फोन लाव म्हणाले. मला नव्हे, मुलीला. फोनवर म्हणाले, सूनबाई, त्याला सांग, मी उठून गेलो नव्हतो, आमचे चिरंजीव सुरक्षा बघत होते. आणि माझा घोडा त्याच्या उंटावर. पलीकडून सून म्हणाली, काका, बाबा हसताहेत. पुष्कळ दिवसांनी हसताहेत.
मी ताटं उचलली. कुणी सांगितलं नव्हतं.

२५ जून, रविवार
डाव आता वजीरकाकांच्या सुनेमार्फत फोनवर आणि लाकडी पटावर. मुलीने संगणकाची नवी व्यवस्था लावली. प्रत्येकाचं वेगळं खातं. नवीन काहीही बसवायचं तर मुख्य खात्याची परवानगी. मुख्य खातं अण्णांचं. मी आक्षेप घेतला नाही.
संध्याकाळी बॅकअपला बसलो. खिडकी आली. हिरवी, सभ्य. तुमचा संगणक मंद झाला आहे, वेग वाढवा, मोफत. लाल असती तर मी बोटही लावलं नसतं. 'होय' दाबलं. परवानगी मागू लागला. अण्णांना हाक मारावी लागली.
ते पटावरून उठून आले. मी खुर्ची रिकामी केली. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं. पुन्हा वाचलं. 'नको' दाबलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, होतं असं.