घंगाळ घेतलेली नर्स

१४ नोव्हेंबर, दुपार

आणि दार ढकललं तर आत फक्त कॉट. डोळे घट्ट मिटले. थांबलो. उघडले. तरी कॉटच. 'सॅनिटोरियम' गेमच्या दुसऱ्या भागाची इतकी वर्षं वाट पाहिली, ती या कॉटसाठी नव्हे. चितेगावच्या कंपनीत रात्रपाळी करून, झोप मोडून, खिडकीला गोधडी लावून खेळतो आहे. भीती नाही. सुरुवात आहे. पुढे वाढवतील.

सरिता सोयगावला आहे, माहेरी. महिन्यापूर्वी, अशोक विजयादशमीला गेली, अजून आराम करते आहे. पहिला भाग आम्ही मिळून खेळलो. नर्सचं भूत आलं की मी डोळे मिटायचो. ती शेजारी बसून काय दिसतंय ते सांगायची. मग म्हणायची, "गेली. उघडा." आता जाताना म्हणाली, "मला सांगत बसायचा कंटाळा आला." गेमबद्दलच. यंदा डोळे उघडे ठेवायचे, असं ठरवलं आहे. म्हणजे तिला सांगावं लागणार नाही. तिची अडचण मिटली. हे कळलं की येईल.

ठराव आज दोनदा मोडला. कॉट धरून तीनदा.

१५ नोव्हेंबर

नर्स आली. डोळे उघडे ठेवले. पांढरे कपडे, पांढरं तोंड, हात रिकामे. मेडिकलच्या काउंटरवर बसते तशी बाई. पहिल्या भागात तिच्या हातात पितळी घंगाळ होतं. त्यात काहीतरी हलायचं. चालताना आतून काठाला लागायचं. केस ओले, खालचा जबडा नाही. मी महिनाभर एकटा न्हाणीत गेलो नव्हतो. एवढी साधी गोष्ट गेमच्या कंपनीला सांभाळता आली नाही.

सरिताला फोन केला. गेमची पार वाट लावली, म्हणालो. ती म्हणाली, "जेवलात का?" मग, "माझ्या शिलाई मशीनला तेल घालता ना?" घालतो म्हणालो. उद्या घालीन. घराची काळजी आहे तिला. चांगलं लक्षण.

१६ नोव्हेंबर

रिव्ह्यू टाकला. एक स्टार. घंगाळ म्हणजे काय, ते इंग्रजीत समजावण्यातच अर्धा रिव्ह्यू गेला. संध्याकाळपर्यंत उत्तरं. एक म्हणतो, भाई, तू कौनसा गेम खेला? दुसरा म्हणतो, चाचा, नर्स नहाने जा रही थी क्या? पोरंसोरं. पुरावा म्हणून पहिल्या भागातला फोटो लावतो. मग बघू.

तेल राहिलं.

१८ नोव्हेंबर

पहिला भाग पुन्हा लावला. एकट्याने पहिल्यांदाच. जिन्यापाशी थांबलो. नर्स आली. डोळे उघडे.

हात रिकामे. जबडा जागेवर. केस टोपीत, कोरडे. ती भिंतीला अडली आणि तिथल्या तिथे चालत राहिली. मी बघत बसलो.

अपडेटमध्ये काढलं असणार. कंपन्या गुपचूप करतात असं. साक्षीदार एकच. फोन लावला. घंगाळ होतं ना, विचारलं.

सरिता हसली. फार दिवसांनी ऐकलं. म्हणाली, "कुठलं आलंय घंगाळ? ते आमच्या आज्जीचं, न्हाणीतलं. तुम्ही डोळे उघडतच नव्हता. मग मी घालत गेले भर. वाटायचं, आता तरी उघडून बघतील."

काय बघतील, म्हणालो.

ती म्हणाली, "एवढी वर्षं शेजारी बसले होते की मी."

नंतर बरंच बोलली. इथं शाळेच्या ड्रेसचं शिवणकाम मिळालंय. भावाला, संघपालला, उद्या पाठवते मशीनसाठी. सर्व्हिसिंगला नेणार असेल. तेल घालून ठेवतो, म्हणालो. "राहू द्या," म्हणाली.

घातलं. चाक फिरवून पाहिलं. आवाज येत नाही. खूश होईल.

रिव्ह्यू काढला नाही. दोन स्टार केले.

१९ नोव्हेंबर, सकाळ

कंपनीतून आलो तर संघपाल टेंपो घेऊन दारात. म्हणाला, "दाजी, जरा बाजूला सरा." सरलो. मशीन नेलं. मग तिचं कपाट, आतल्या कपड्यांसकट. चहा विचारला. "नको दाजी, लई लांब जायचंय." कपाटामागची भिंत बाकीच्या भिंतीपेक्षा नवी दिसते.

टेंपो सुरू झाला तेव्हा सवयीने डोळे मिटले. बराच वेळ उभा होतो. मग माझे मीच उघडले.