साच्यातली रेघ

१४ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. वहिनींनाही सांग. त्यांच्या गुडघ्याचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस, त्यांनाच दोन ओळी लिहायला सांग.

इकडे बरं आहे. मागच्या खोलीचं छप्पर यंदा गळलं नाही. शेजारच्या काकू अजूनही रोज सकाळी खिडकीतून "उठलीस का गं?" म्हणून ओरडतात आणि मी तोंड उघडायच्या आत "उठली वाटतं" असं उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय, पण कानस धरल्यावर हात अजून कापत नाही.

तुझं पत्र पोचलं. बाबा गेल्यानंतरचं पहिलंच. माकल्या गळाला लावायच्या तुझ्या दुकानातल्या लाकडी, नकली कोळंब्या लोक परत आणून टाकतायत, पाण्यात पडल्या की आडव्या होतात, माकल्या जवळ येऊन बघतात आणि निघून जातात, हे सगळं वाचलं. शनिवारी गळवाल्यांच्या संघापुढे धक्क्यावर तुझं प्रात्यक्षिक आहे आणि त्याआधी तुला "बाबांची युक्ती" हवी आहे, हेही वाचलं.

युक्ती वगैरे काही नाही रे. सांगते सगळं. हातचं काही राखत नाही.

साच्यातून शिसं निघतं ते कच्चंच असतं. ते कोळंबीच्या हनुवटीखाली बसवलं म्हणजे काम झालं असं तुला वाटतं, तिथेच गाडी अडते. लाकडाचा प्रत्येक तुकडा वेगळा तरंगतो. टबात समुद्राचं पाणी घ्यायचं, नळाचं घेतलंस तर सगळा अंदाज चुकेल. कोळंबी सोडायची. ती तोंड खाली, शेपूट वर, अशी तिरकी उतरली पाहिजे, गुडघे दुखणारा माणूस जिना उतरतो तशी सावकाश. वावभर, म्हणजे माणूसभर, खोल जायला सहा सेकंद लागतील अशा बेताने. घाईने गेली तर शिसं थोडं घासायचं, पुसायचं, पुन्हा सोडायची. बाबा एकेक कोळंबी तीस-चाळीस वेळा बुडवायचे. शेपटीकडचे आकडे कधी जड घेऊ नकोस, मागचं अंग खाली बसतं.

आता धक्क्यावरचं. सूर्य बुडायला आला की दगडांच्या कडेने, शेवाळ असेल तिथे, लांब फेकायची. तळापर्यंत जाऊ द्यायची, सेकंद मोजत. मग काठीला वर दोन झटके, आणि थांबायचं. झटक्याने माकली जवळ येते, पण धरते ती कोळंबी पुन्हा खाली उतरताना. त्या वेळी दोरा ना ताठ ना सैल. धरल्याचा धक्का बसतोच असं नाही, कधी दोरा नुसता बाजूला सरकतो, कधी अचानक हलका होतो. तेव्हा काठी उचलायची, हिसका नाही द्यायचा. हिसक्याने तिचा हात तुटून येतो आणि ती जाते. आपल्या आकड्यांना उलटा काटा नसतो, म्हणून ओढताना क्षणभरही ढील द्यायची नाही. वर आली की तिला पाण्यातच शाई सोडू दे, नाहीतर संघाच्या अध्यक्षांचा शर्ट जाईल. आणि जाळी नेहमी तिच्या मागून घाल. घाबरली की ती मागे पळते, आपण होऊन जाळीत शिरते.

एवढंच आहे. बाबांनी हे तुलाही दाखवलं होतं. "टबात खेळत जन्म काढू का?" असं तू म्हणाला होतास. मी तिथेच बसले होते, आकडे वाकवत.

तुझ्या पत्रात साच्यांचा उल्लेख नाही. मी करते.

अर्धांगाने बाबांचा उजवा हात गेला त्यानंतर सात वर्षं मीच त्यांचा हात होते. त्या रविवारी तू आलास, जेवलास, बाबांच्या उशाशी बसलास, आणि मी औषधं आणायला गेले तेवढ्यात पितळेचे तिन्ही साचे पिशवीत घालून निघून गेलास. दुसऱ्या दिवशी बाबांनी कपाट उघडायला लावलं. मी तुला फोन केला आणि त्यांच्या कानाला लावला. तू काय सांगितलंस ते मला बाजूला उभं राहून ऐकू येत होतं. "धाकटीने त्या जाळीवाल्याला दिले असतील. तिचं तिकडे जमलंय, तुम्हाला माहीत नाही?"

जमलं होतं, खरंच. मी योग्य वेळ बघून बाबांना सांगणार होते. तू सांगितलंस, ते असं.

जाळीवाला दोनदा दारात आला. बाबांनी त्याला उंबरठा ओलांडू दिला नाही. तिसऱ्यांदा तो आला नाही, दूरच्या बोटीवर काम धरून गेला. आणि बाबा चौदा महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी भरवायचे, ते भिंतीकडे बघत गिळायचे. मी अंग पुसून द्यायचे, ते डोळे मिटून घ्यायचे. काकूंशी बोलायचे, औषधवाल्याशी बोलायचे. "मी नाही घेतले, बाबा," मी किती वेळा म्हणाले असेन. मग म्हणायचं सोडलं.

पुढचं तुला ठाऊक नाही. मी ते मुद्दामच सांगितलं नव्हतं.

आपल्या शाळेतले मास्तर एक कोळंबी घेऊन आले, आकडा निखळलाय, बसवून दे म्हणून. मी ती हातात घेतली आणि मागून बाबांचा आवाज आला, "इकडे आण."

मला. चौदा महिन्यांनी.

मधल्या साच्याला केसाएवढी चीर होती, आठवतं? तिच्यामुळे प्रत्येक शिशावर एक बारीक रेघ उठायची. बाबा ती कधी घासून काढत नसत, आपली ओळख आहे म्हणायचे. त्यांनी डाव्या अंगठ्याने कोळंबीची हनुवटी चाचपली. एकदा, दोनदा.

"मास्तर, कुठून घेतलीत?"

"अहो, तुमच्याच मुलाच्या दुकानातून! स्वतः बनवतो म्हणाला. बापाचं नाव राखलं पोराने."

मास्तर चहा घेऊन गेले. बाबा कोळंबी मुठीत धरून पडून राहिले. आकडा तळव्यात रुतला होता, रक्त आलं होतं, मी बोटं एकेक करून सोडवली. मी विचारलं, "दादाला फोन लावू?" त्यांनी मान हलवली. नको.

त्यानंतर ते चार दिवस होते. पाचव्या दिवशी तू आलास आणि मी तुला दारातच सांगितलं, झोपेत गेले. ते खरंच होतं. पण त्या चार दिवसांत बाबा बोलत होते, दादा. माझ्याशी. माझा हात धरून रडले. जाळीवाल्याचा पत्ता शोध म्हणाले. मी शोधला. त्याचं लग्न झालं होतं.

तुझं पत्र आलं त्याच टपालाने संघाचंही पत्र आलं. मास्तर आता संघाचे चिटणीस आहेत, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी त्यांना त्या रेघेची गोष्ट सांगितली होती. शनिवारचं प्रात्यक्षिक तुझ्याऐवजी मी करणार आहे. साचे मी नवे ओतून घेतलेत, जुने तुलाच राहू देत. तू जरूर ये, पुढच्या रांगेत बस. वर लिहिलंय ते सगळं तुला तिथे बघायला मिळेल, आणि तुला ते करता येत नाही हे बाकीच्यांना.

हे लिहिताना मला बरं वाटतंय. लपवत नाही.

तुझ्या पत्राच्या कडेला, बारीक अक्षरात, एक ओळ आहे. पानाच्या अगदी काठावर, वहिनींना दिसू नये अशी. "बाबा शेवटी माझ्याबद्दल काही म्हणाले का?"

म्हणाले. तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी, पूर्ण शुद्धीत. एकच वाक्य, आणि ते तुला सांग म्हणाले. मी हो म्हटलं होतं.

त्या वाक्यात शिव्या आहेत की माफी, ते मला माहीत आहे. आपल्या दोघांत फक्त मला. वाईट असेल म्हणून लपवते असं समजू नकोस, आणि चांगलं असेल असंही धरून चालू नकोस. तू घरी येऊन माझ्या पायाशी बसलास तरी सांगणार नाही. चौदा महिने मी भिंतीकडे वळलेल्या तोंडात घास घातलेत. तुझे किती महिने होतात ते बघू.

पत्राच्या शेवटी 'कळावे' लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही.

धाकटी