पूर्ण नावानिशी छापा

४ फेब्रुवारी १८९९, शनिवार

मेला तो संपादक! आज साप्ताहिकाचा हिरव्या कव्हराचा अंक आला आणि उत्तरांच्या पानावर माझीच धिंड. 'टी. पी.: तुमची कविता ऐकून आमच्या छापखान्यातलं मांजर घर सोडून गेलं. मांजर गुणी होतं. पुन्हा लिहू नका.'

सिडनीचं हे साप्ताहिक नापसंत लिखाण गुपचूप परत पाठवत नाही. आद्याक्षरं घालून, एका ओळीत, सगळ्या देशादेखत सालटी काढतं. मेंढ्या कातरणारे, खाणवाले, गाडीवान — सगळे आपापली शिवी कापून झोपडीच्या भिंतीला डकवतात आणि वर मिरवतात! आमच्याकडे न्हाव्याच्या व्हरांड्यात ते पान मोठ्यानं वाचतात. पास्को तिथूनच हसत आला. म्हणे, हा टी. पी. कोण गाढव असेल कोण जाणे. भाऊ आहे म्हणून सोडला. मटण-बटाट्याची पेस्टी पुढे ठेवली, ते गाढव मीच हे सांगितलं नाही.

पण खरं सांगायचं तर कविता भिकारच होती. ओकची झाडं, कोकिळा, हिरवीगार कुरणं. आमच्या व्हील टॅमसिन गावात कुरण? चौतीस वर्षांत मी एक पाहिलेलं नाही! इथे खाणीची लाल माती, पत्र्याची घरं आणि खाण कंपनीच्या पाण्याच्या टाकीपुढची बायकांची रांग. पुस्तकांत जे वाचलं तेच खरडत बसले, मूर्ख.

आता रांगेचंच लिहिते. बघू कोणाचं मांजर पळतं.

५ फेब्रुवारी

चॅपलमध्ये दोन तास. प्रवचन खाणीवरच्या साहेबाचं, कॅप्टन रोस्कारॉकचं. देवाचं एक अक्षर कानात गेलं नाही, मनात कथाच जुळवत होते. पाप लागो खुशाल.

१२ फेब्रुवारी, रविवार

झाली कथा! 'रविवारचं पाणी'. आमची टाकी रविवारी बंद असते — देवाचा दिवस, कामं नकोत, म्हणून कॅप्टन तोटी काढून घरी नेतो. खाणीत तोच मोठा, चॅपलमध्येही तोच. माझ्या कथेतल्या बाईचं पोर तापानं फणफणलंय. ती शिडी लावून टाकीवर चढते आणि वरून बादली सोडते. पोर वाचतं. चॅपल तिचं नाव सभासदांच्या यादीतून काढून टाकतं. बस्स. रडारड नाही, शेवटी देवदूतबिवदूत नाही.

शिवणाचं मशीन चार दिवस बंद होतं. खाणवाल्यांच्या विजारी पडून आहेत. पडू देत.

४ मार्च, शनिवार

पत्र आलं! छापतात! स्वतः संपादक ब्रॅकनरिज यांच्या सहीचं. तीनदा वाचलं, मग परसात जाऊन बसले.

मायना काय, तर 'पेंगेलीभाऊ'. 'ज्यानं खांद्यावर पाणी वाहिलंय असा गडीच हे लिहू शकतो. आपल्या देशाला असले मर्द लेखक हवेत. सिडनीला आलात तर बिअर आमच्याकडून.'

गडी! नवव्या वर्षापासून पाणी मी वाहतेय. इथल्या एका तरी गड्यानं बादली उचललेली दाखवा.

गप्प राहिले असते तर काम झालं होतं. पण नाव माझं, खांदा माझा. लगेच उत्तर लिहिलं — मी बाई आहे, टी म्हणजे थिरझा, कथा थिरझा पेंगेली या पूर्ण नावानिशी छापा.

पास्कोला सांगावं लागलं. तो आधी पांढरा पडला, मग लाल. तोच गाढव टी. पी. मी, हेही कळलं त्याला. नंतर म्हणाला, कॅप्टन मला खाणीतून हाकलेल, तुझ्या चार अक्षरांपायी. मी विचारलं, मग पुरुषाचं नाव चालतं का तुला, तर म्हणे हो, मग कुणाला कळणार! म्हणजे कथेवर राग नाही. माझ्यावर आहे.

११ मार्च

उत्तर नाही.

२५ मार्च, शनिवार

उत्तर आलं. पत्रानं नाही — पानावर! बाकी सगळ्यांची आद्याक्षरं. माझं मात्र:

'थिरझा पेंगेली, व्हील टॅमसिन: "रविवारचं पाणी" झकास. नाव नडतं. "टी. पेंगेली" म्हणून आहे तशी छापू, नाहीतर गोड शेवट करून बायकांच्या पानावर. काय ते कळवा.'

आडनाव, गाव, कथेचं नाव. काही म्हणता काही झाकलं नाही! न्हाव्याच्या व्हरांड्यात वाचून झालं तेव्हा म्हणे कुणीच हसलं नाही. पास्को मागच्या दारानं घरी आला. जेवला नाही.

बायकांचं पान म्हणजे मुरंबा, क्रोशा आणि नवऱ्याला खूश कसं ठेवावं. तिथे माझी बाई कॅप्टनची माफी मागणार आणि कॅप्टन तिच्या पोराला मिठाई देणार. थू!

२६ मार्च, रविवार

मुद्दाम पुढच्या बाकावर बसले. बाक माझ्या एकटीसाठी रिकामा झाला. प्रवचन गर्वावर होतं, दुसरं कशावर असणार. बाहेर पडताना कॅप्टन सौम्य आवाजात म्हणाला, "थिरझाबाई, ते दुसरं नाव घ्या. तुम्हालाही बरं, आम्हालाही." मी म्हटलं, "कॅप्टन, बाप्तिस्मा याच चॅपलात झालाय माझा. पाणी तुमच्याच टाकीतलं होतं. नाव तुम्ही दिलेलं चालतं आणि मी लिहिलेलं चालत नाही?" तो टोपी घालून चालू लागला.

२८ मार्च

सिडनीला तार केली. 'छापायची तर पूर्ण नावानिशी छापा. नाहीतर परत पाठवा.' तारवाल्यानं दोनदा विचारलं, नक्की? नक्की.

३ एप्रिल

कथा परत आली. सोबत चिठ्ठी नाही. छापून येईल म्हणून सहा वर्षं धडपडतेय आणि हातात आलेलं मीच घालवलं. आज रडले. रागानं नाही, नुसतीच रडले.

१० एप्रिल, सोमवार

धुण्याचा दिवस. रांग टाकीपासून पार लोहारापर्यंत. बादली खाली ठेवली, तीच पालथी घालून वर उभी राहिले आणि कथा वाचली. अशी, सकाळी आठ वाजता, उन्हात.

आधी कुजबुज. मग सगळ्या जवळ सरकल्या. बाई शिडीवर चढली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "चढ बाई, चढ." कथा संपली. शेवटी ट्रेम्बाथमावशी — रांगेतली सगळ्यात म्हातारी, तोंडानं फटकळ — म्हणाली, "बरं लिहिलंयस. पण कॅप्टनला फार सांभाळून घेतलंस गं. आणि बादली सोडताना दोर हाताला कापतो, ते कुठाय?" खरंच की! मग सगळ्याच सुटल्या. शिडी डगमगते ते घाल. वरचं पाणी गरम असतं ते घाल. चॅपलवाल्यांत बायकाही होत्या ते घाल — हे सांगणारी स्वतः खाली बघत होती.

इतकी वर्षं मी सिडनीकडे तोंड करून लिहीत होते. घरी येऊन दोर घातला, गरम पाणी घातलं. कथा आधी चांगली होती. आता खरी झाली.

पुन्हा पाठवली. वर एकच ओळ, तीच: पूर्ण नावानिशी छापा.

२२ एप्रिल, शनिवार

छापली!! बायकांच्या पानावर नाही — पान तीन, मोठ्या टाइपात. दोरासकट. खाली 'थिरझा पेंगेली'. सगळीच्या सगळी अक्षरं.

ब्रॅकनरिज नमला! न्हाव्याच्या व्हरांड्यात कथा पास्कोनं वाचली म्हणे, स्वतः, उभा राहून. कॅप्टन समोरून गेला तरी थांबला नाही. घरी येऊन मला एवढंच म्हणाला, पेस्टीत मीठ कमी आहे. जिंकले मी. तो संपादक वाकला, आणि मी वाकवला!

२५ एप्रिल, मंगळवार

सिडनीहून पत्र. अक्षर अनोळखी.

'थिरझाबाई, ब्रॅकनरिजसाहेबांनी तुमची कथा पुन्हा नाकारली होती. ते मेलबर्नला गेले असताना पानं छापायला मी पाठवली. उत्तरांचं पान अकरा वर्षं मीच लिहिते, त्यांच्या नावानं. ते मांजरही माझंच, माफ करा. मार्चमध्ये तुमचं पूर्ण नाव मी घातलं, मुद्दाम. लपायला जागा राहिली की माणूस लपतं, मला माहीत आहे. ते सोमवारी परत येतील, मग मला इथे काम नसेल. माझं नाव आजवर कुठेच छापलेलं नाही. तुम्ही कुठेतरी लिहून ठेवाल का?'

इथे लिहिलं: ऑगस्टा फेनर.