घनवनाच्या आधी

जांभळगाव, ता. उमरी, जि. नांदेड
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय पंचशीला,

सप्रेम जयभीम.

आम्ही इकडं सगळे बरे आहोत. तू, दयानंद भावजी आणि लेकरं खुशाल असाल. ज्वारी पिवळी पडून राहिली आहे, पंधरा दिवसांत काढणीला येईल.

पत्र बघून दचकशील. फोन केला असता, पण फोनवर तू "बरं" म्हणून ठेवून दिला असतास आणि ते बरोबरच झालं असतं. कागद निदान हातात तरी घ्यावा लागतो, फाडायचा झाला तरी.

तुझा पत्ता वर्षाराणीनं दिला. बारावी झाली, डॉक्टरकीच्या परीक्षेच्या क्लाससाठी तिला जूनमध्ये लातूरला ठेवलं. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. "आई, आमच्या मेसला सैपाकाला पंचशीला काकू हाय. काही बोलली न्हाई, पण गरम भाकरी तव्यावरून उतरली की पहिली माझ्या ताटात टाकती." मी विचारलं, माझं काही विचारलं का? ती म्हणाली, "न्हाई." त्या दिवसापासून हे पत्र लिहायचं म्हणते आहे. आठ महिने गेले.

गावची खबर सांगते. आता एकसष्ट घरांवर सोलर बसलं. त्यातले निम्म्याहून जास्त अर्ज तुझ्या हातचे आहेत. सरकार अनुदान देतं हे गावाला पटवायला आपण दोघी किती फिरलो! किशनराव काय म्हणाले होते आठवतं? "छतावर काच ठेवली तर घर भट्टी हुईल, बाई." आता त्यांच्याच दोन छतांवर पॅनल आहेत आणि पाहुण्यांना वर नेऊन दाखवतात. बिलावर मेलेल्या सासऱ्याचं नाव, वारस चार, सही एकाची न्हाई, अशी किती घरं होती. तू उमरीला सात-सात खेटे घालून नावं बदलून आणलीस. टेप घेऊन शिडी चढायचीस. मी खाली उभी राहून नुसती शिडी धरायची आणि पेपरात नाव माझं यायचं.

तुझ्या घराला मात्र बसलं न्हाई. पत्रा जुना, वजन पेलणार न्हाई म्हणून कंपनीचा माणूस बघून परत गेला. तू हसून म्हणालीस, "जाऊ दे सिंधु, गावाचा उजेड तो आमचाच की." लोकांपुढं तू मला सरपंचबाई म्हणायचीस आणि दोघीच असलो की सिंधु.

शाळेवर पण सोलर झालं. बचत गटाची पिठाची गिरणी उन्हावर चालते. पाण्याची मोटरसुद्धा. झाडं पण चांगली वाढलीत. गावाच्या उत्तरेला, ओढ्याच्या अलीकडं. कडुनिंब, करंज, अर्जुन, बेहडा. तीन वर्षांत माणसाच्या दुप्पट उंच झाली. बाहेरगावचे लोक बघायला येतात, फोटो काढतात. भारद्वाज आलाय, सकाळी घुमत असतो.

गावाच्या उत्तरेला म्हणून मी कुणाला फसवते आहे? तुमची जागा म्हणून लिहिते. दोन एकर, तुमची.

पंचशीला, त्या वर्षी माझ्या डोक्यात काय होतं ते तुला खरं सांगते. पर्यावरणाच्या योजनेत गाव वरच्या नंबरात आलं तर शाळेचं आणि मोटरीचं सोलर मंजूर होणार होतं. त्यासाठी घनवन लावायचं होतं, दोन एकर, आणि जागा वादाशिवाय पाहिजे होती. गायरान सोडून सरकारी जमीन कुठली? ओढ्याच्या पलीकडचं पाच एकर गायरान किशनरावांनी दाबलेलं, तिथं त्यांचा ऊस. सगळ्या गावाला माहीत, मलाही. बैठकीत ह्यांनीच विषय काढला, "किशनरावांचं कशाला उठवायचं, पुढं निवडणुका हायत. अलीकडची बाजू घेऊ. त्यांच्याकडं कागद कुठं हाय?" मी मान हलवली. किशनरावांना उठ म्हणायची माझी छाती नव्हती. तुला म्हणायला छाती लागत नव्हती, कारण तू माझी मैत्रीण होतीस. हे वाक्य लिहायला मला लई दिवस लागले.

आणि कागद होता. ते तुला माहीत आणि मला माहीत.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी तू आलीस. प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या पावत्या होत्या. गायरानात नांगर घातला म्हणून तलाठ्यानं तुझ्या सासऱ्यांना वर्षावर्षाला दंड केला होता, त्याच्या. म्हणालीस, "दंड भरला म्हणजे ताबा होता, एवढं तरी सिद्ध होतं. माझ्याकडं ऱ्हायल्या तर कुणी ऐकणार न्हाई. तू सरपंच हायस, तू दाखव." मी घेतल्या, कपाटात ठेवल्या. तुला चहा दिला. तुझ्या शेतातल्या हुरड्याची गोष्ट निघाली, दर संक्रांतीला आपण त्या बांधावर बसून खाल्लेल्या.

सभेत तालुक्याच्या साहेबांनी विचारलं, या जागेवर कुणाचा ताबा आहे का? तुझी सासू गयाबाई उठली. "आमचा हाय साहेब. दगडं येचून माझं आयुष्य गेलं त्यात. पस्तीस पेरण्या झाल्या." साहेब म्हणाले, पुरावा? तू उभी राहिलीस. "पावत्या हायत. सरपंचबाईंकडं दिल्यात."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "माझ्याकडं कुणी काही दिलं न्हाई."

एवढंच बोलले. तू भांडली असतीस, ओरडली असतीस, तर मी कदाचित सांगून टाकलं असतं. तू मात्र सासूचा हात धरून तिला खाली बसवलंस. मग इतिवृत्त लिहून होईपर्यंत थांबलीस आणि निघून गेलीस. त्यानंतर माझ्या दारात पाय ठेवला न्हाईस, आणि मृगाच्या आत तुमच्या घराला कुलूप लागलं.

लोकांना मी सांगत आले, गावाच्या भल्यासाठी. नांदेडला सत्कार झाला तेव्हा माईकवर पण तेच बोलले. शाळेचे पंखे फिरतात, लेकरं उन्हाळ्यात वर्गात बसतात, हे खरं आहे. पण ते किशनरावांच्या जागेत झाडं लावूनही झालं असतं. मी सोपी बाजू निवडली.

मग दिवाळीला वर्षाराणी घरी आली. भाजी निवडता निवडता सहज बोलली, "आई, गयाआजी गेल्या म्हणं मागच्या पावसाळ्यात. काकूनं सांगितलं." मी विचारलं, आजारी होत्या का? ती म्हणाली, "न्हाई. रोहिणी लागल्या की रोज काकांना विचारायच्या म्हणं, पेरा झाला का? काका म्हणायचे, झाला. मग झोपायच्या." पोरीला काहीच माहीत नव्हतं, आठवीपासून ती उमरीला वसतिगृहात. तिनं मला विचारलं, "त्यांचं शेत कुठं होतं गं?" मी भाजी घेऊन आत गेले.

दोन दिवसांनी तिला सगळं सांगितलं. ती रडली न्हाई, रागावली न्हाई. म्हणाली, "आणि मी त्यांच्या हातची भाकरी खाते." लातूरला जाताना माझ्या पाया पडली न्हाई. तुला तिनं काही दाखवलं नसेल, पण तिला माहीत आहे, हे तुला माहीत असावं.

आता मी काय केलं ते सांगते. केलं म्हणजे काही मोठं न्हाई, तीन वर्षं उशिरा केलं.

सव्वीस जानेवारीची ग्रामसभा ही सरपंच म्हणून माझी शेवटची. सत्काराचा नारळ हातात होता. मी उभी राहून म्हणाले, घनवनाच्या जागेवर गयाबाईंचा ताबा होता, पावत्या माझ्याकडं होत्या, मी सभेत खोटं बोलले. कुणीतरी हसलं. किशनराव म्हणाले, "मग आता झाडं उपटायची का, बाई?" मी म्हणाले, "झाडं ऱ्हाऊ द्या. तुमच्या पाच एकरातली दोन द्या." त्यानंतर जो गोंधळ झाला तो लिहीत न्हाई. हे उठून निघून गेले. ग्रामसेवक इतिवृत्तात लिहायला तयार नव्हते. मी म्हणाले, लिहिल्याशिवाय मी खुर्चीवरून उठणार न्हाई. दुपार झाली, पण लिहिलं.

घरात नऊ दिवस अबोला होता. दहाव्या दिवशी हे जेवताना म्हणाले, "पावत्या कपाटात हायत हे मला पण ठाऊक होतं. तुला एकटीलाच कशाला बोलू?" बोलणं तेवढंच. भाकरी मात्र त्या दिवशी ह्यांना गेली न्हाई.

तहसीलला माझा जबाब लिहून दिला. तिथला कारकून भला होता, खोटी आशा लावली न्हाई. म्हणाला, लावलेलं वन मोडता येणार नाही, ती जागा परत मिळणार नाही. पर्यायी जागेसाठी ताबेदाराच्या वारसांना अर्ज करावा लागेल. वर्षं जातील, मिळेलच असं नाही. म्हणजे मी नासवलं ते निस्तरायला पुन्हा तुलाच खेटे घालावे लागणार. हे सांगताना मला लाज वाटते, पण झाकून ठेवण्यात आता अर्थ न्हाई.

पावत्या, इतिवृत्ताची नक्कल आणि माझा जबाब सोबत पाठवते. अर्ज करायचा की न्हाई ते तुम्ही दोघांनी ठरवा. केलात आणि तारीख पडली, तर कुठल्या पण कचेरीत, कुणाच्या पण समोर, किशनराव असोत की हे असोत, मी येऊन तेच सांगेन. न्हाई केलात, तरी ते इतिवृत्तात राहील.

माफ कर असं लिहिलं होतं, खोडलं. गयाबाईंकडं मागायची होती ती तुझ्याकडून कशी घेऊ?

तू मला सरपंचबाई म्हणायचीस ते पद आता न्हाई. सिंधु म्हणायचीस ते नाव तू ठेवशील तर राहील, न ठेवलंस तर त्यावर माझं म्हणणं न्हाई. वर्षाराणीला ताट वाढतेस त्याबद्दल काही लिहिणार होते. लिहवत न्हाई.

उत्तराची वाट बघते असं म्हणत न्हाई. पण पोस्टमन दिसला की उभी राहते.

तुझ्याशी खोटं बोललेली,
सिंधु