दोघींची मिळून एक नटी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज उत्तर लिहायला बसते आणि काहीतरी निमित्त काढून उठते. इतक्या वर्षांनी तुझं अक्षर दिसलं म्हणून आधी पाकीट उराशी धरलं. मग वाचलं, आणि घडी घालून उशाखाली सारून दिलं.

तो सिनेमा तुला आठवतो? म्हणजे मी केला होता तसा? दवाखान्यातली नर्स, तिचा आजारी नवरा, आणि ते रडणं, जे तू आरशासमोर माझ्याकडून घोटून घ्यायचीस. मोठ्या थिएटरांनी तो घेतलाच नाही. बाजारामागचं ते छोटं थिएटर तेवढं राजी झालं. तिथल्या मालकाला चांगले सिनेमे कुणी देत नसे, म्हणून मिळेल त्या रिळांवर ‘फक्त प्रौढांसाठी’ची पाटी लावून तो दिवस काढत होता. बाबांना यातलं काय ठाऊक! इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्याच खेळाला गेले, शेजारच्या काकांनाही आग्रहाने घेऊन गेले. परतले ते एकटेच. चपला काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत, शेवटपर्यंत.

असं काय झालं ते पाहायला मी गेले, तर दारावरचा माणूस बाईमाणसाला आत सोडेना. ऑपरेटरला दया आली, त्याने मशीनच्या खोलीत उभं केलं. नर्स दार लावून घेते, तो माझा चेहरा. मग चित्र जरासं उडी मारतं, आणि एक उघडी पाठ, खांदे, पुढचं सगळंच. तोंड नाही. मग पुन्हा माझा चेहरा. खाली माझं नाव घेऊन शिट्ट्या चालल्या होत्या. मालकाला जाब विचारला तर म्हणाला, “बाई, हे तुकडे जोडले नाहीत तर मला खुर्च्या विकाव्या लागतील. आणि पाठीला कोण नाव विचारतं?” विचारलं नाहीच कुणी. माझं लावून मोकळे झाले. तुझ्या लग्नाच्या वेळी आईचा निरोप आला होता, “तिचं तरी नीट होऊ दे.” म्हणून आले नाही. राग तेव्हाही नव्हता गं तुझ्यावर.

आता ते थिएटर पाडतायत. अशा थिएटरांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका मुलीला तिथे आमची रिळं सापडली, त्यातले जोड दिसले. म्हाताऱ्या ऑपरेटरकडून तिने त्या दुसऱ्या बाईचा पत्ता काढला. पेपरात तू वाचलंस ते तिनेच लिहिलेलं. तिच्यासोबत मीही गेले होते, हे मात्र त्यात नाही. चांगलं सुनावायचं ठरवून गेले होते. दार उघडलं ते जवळजवळ आंधळ्या झालेल्या एका म्हातारीने. थिएटरच्या खुर्च्यांच्या खोळी शिवायची ती. तोंड दिसणार नाही, असं सांगून मालकाने तिला गोदामात कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. आपल्याला कुणाच्या चेहऱ्याला चिकटवणार, हे तिला ठाऊकच नव्हतं. तिला कुणीही ओळखलं नाही, तरी रस्त्यात मागून हाक आली की जन्मभर तिच्या छातीत धस्स व्हायचं. माझा चेहरा बोटांनी चाचपत म्हणाली, “म्हणजे आपल्या दोघींची मिळून एक नटी झाली म्हणायची!” खूप हसलो आम्ही.

तू लिहिलंयस, ‘ताई, ती बाई तू नव्हतीस हे सगळ्यांना कळलं, डाग पुसला गेला, आता नातवंडांना घेऊन येते.’ ये, गं. तुला बघायला जीव तुटतोय. पण ती आता माझ्याकडेच राहते. तिला एकटीला चूलही पेटवता येत नव्हती. माझा डाग पुसलास, तो कुणाच्या अंगावर पुसलास याचा विचार कर. ‘ती बाई मी नव्हते’ हे ओरडून सांगावं असं मला किती वर्षं वाटलं! आता या घरात ते कुणी पुटपुटलेलंही मला चालणार नाही, कारण ती बाई पलीकडच्या खाटेवर बसून ऐकत असते. नातवंडांना सांग, तिलाही आजीच म्हणायचं. तेवढं जमणार नसेल तर येऊ नकोस.

अजूनही तुझीच,
ताई